तीन मजली डोकं

४ फेब्रुवारी, मंगळवार

शिबिरवाल्याने ही वही फुकट दिली. फुकट मिळालेली वस्तू मी वाया घालवत नाही, म्हणून लिहायला बसलो. साठ दिवस लिहायचं, एखादा दिवस चुकला तरी चालेल, पण खोटं लिहायचं नाही, अशी अट आहे. खोटं कुणासाठी लिहू? वाचणारा मीच. स्वतःलाच गिऱ्हाईक समजण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही.

शिबिर कारखानदारांच्या संघाने ठेवलं होतं. विषय, माणूस असा का वागतो. मी म्हटलं, आपण सहावीत शाळा सोडली, तीस वर्षं माणसं वागवतोय, आपल्याला कोण शिकवणार? पण जेवण बरं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी खरोखरच कान टवकारून बसलो होतो.

तर डोकं तीन मजली असतं. तळमजल्यावर मगर राहते. तिला तीनच गोष्टी कळतात: चावायचं, पळायचं, नाहीतर निपचित पडायचं. मधल्या मजल्यावर कुत्रा. माया, राग, शेपूट हलवणं, धन्यासाठी भुंकणं. आणि सगळ्यात वर माणूस. विचार करणारा, आवरणारा. मी त्याला मालक म्हणतो. ज्याचा मालक जागा, त्याच्या मगरीचं काही चालत नाही. शिबिरवाल्याचा आवाज तेवढा बारीक होता आणि फी सांगताना आणखी वर चढायचा. ते माझ्या कानातून सुटलं नाही, पण त्याने विद्या खोटी ठरत नाही.

माझे कान तिखट आहेत हे मी सांगत नाही, धंदा सांगतो. आमच्याकडे बिजागऱ्या आणि कोयंडे बनतात, बारा प्रेस दिवसभर पत्रा ठोकतात. त्या गदारोळात कुठलं बेअरिंग आठ दिवसांनी जाणार, हे मला केबिनमध्ये बसून ऐकू येतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद. हे मला मिस्त्रींनी शिकवलं. दुसऱ्याच्या कारखान्यात मी चिमटे धुवायला होतो आणि ते मुख्य कारागीर होते. आज कारखाना माझा आहे आणि मिस्त्री माझ्याकडे आहेत. दुनिया गोल आहे ती अशी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भोंग्याआधी सगळ्यांना अंगणात उभं करून डोक्याचे मजले समजावले. माझ्या गोष्टीला माणसं हसतात, हा माझा जुना गुण. मगरीची नक्कल केली तेव्हा तर पॅकिंगच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग टोप्या दाखवल्या. हिरवी मगरीची, पिवळी कुत्र्याची, पांढरी मालकाची. कोण कुठल्या मजल्यावर राहतो ते मी तपासणार आणि तशी टोपी देणार. कामंही त्याप्रमाणे.

आमची ही पॅकिंग सांभाळते. दुपारी डबा उघडताना म्हणाली, "आणि तुमची टोपी कोण ठरवणार?"

"मी शिबिराला जाऊन आलोय."

"मग झालं तर," म्हणाली आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तपासणी. युक्ती माझी स्वतःची, शिबिरात नव्हती. माणूस कामात गढला की पाठीमागे तीन फुटांवर जाऊन मोठा पत्रा फरशीवर टाकायचा. मगर असेल तर आधी बाहेर येते, मालक मागाहून.

हसून हसून पोट दुखलं. समोरच्या प्रेसवर उंचापुरा एक आहे, त्याला सगळे उंट म्हणतात. तो असा उडाला की वरच्या दिव्याला डोकं लागून खोक पडली. हिरवी टोपी. पट्टी बांधल्यावर टोपी बसेना, तर मी म्हटलं, "अरे, मगरीला टेंगूळ असतंच," तेव्हा तोही हसला. वेल्डिंगवाला शिव्या देत अंगावर आला, मग मी आहे हे बघून थांबला. चावणारा, पण धनी ओळखतो. पिवळी. पॅकिंगमधली सगळ्यात म्हातारी बाई जागच्या जागी बसली ती उठेचना. तिची साडी ओली झाली होती. ही तिला आत घेऊन गेली आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ओली केली. हिरवी. तिला झाडलोट दिली, तिथे दचकण्यासारखं काही नाही.

शेवटी मिस्त्री. डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवत वाकले होते. मी सगळ्यात मोठा पत्रा घेतला, चार फुटी, दोघांनी मिळून धरला आणि कमरेपासून सोडला. भिंती हलल्या. मिस्त्रींचा खांदासुद्धा हलला नाही. हळूच तळहात फरशीला लावला, मग मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय पडलं?"

मी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांत माणसाने मगरीला इतकं बांधून घातलंय की ती मेल्यात जमा! पांढरी टोपी मी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली. मिस्त्री टोपीला हात लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांची सवय आहे. याला म्हणतात लक्ष देणं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी इथे लिहीत असताना हिने पाठीमागे डबा आपटला. शाई सांडली. म्हणाली, "हिरवी."

मी तिला फरक समजावला. भीतीने दचकणं वेगळं आणि आश्चर्याने दचकणं वेगळं. तिने शाई पुसली. बायकांना विज्ञानाचा कंटाळा येतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठा प्रेस आला. जुना आहे, पण हाडाचा पक्का. दोन माणसं लागतात. एक समोर, तो पत्रा सरकवतो आणि पेडल मारतो. एक मागे, तो तयार तुकडा हाताने काढून घेतो. समोर जाळी आहे, मागे नाही, कारण हात आत घातल्याशिवाय तुकडा निघत नाही. मागची जागा सगळ्यात जोखमीची. तिथे मगरीचं काम नाही, डोकं थंड हवं. मी मिस्त्रींचं नाव सांगितलं.

संध्याकाळी मिस्त्री केबिनमध्ये आले. बसा म्हटलं तरी उभेच. आता जून महिन्यात ते काम सोडणार आहेत, साठ होतात. म्हणाले, "साहेब, हे चार महिने मला मागच्या खोलीत धार लावायला बसवाल का? डाय बोथट झाल्यात बऱ्याच."

"मिस्त्री, धार कुणीही लावेल. पांढऱ्या टोपीवाला मागच्या खोलीत बसला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. मी सांगतो तेवढं ऐका."

"का पण? प्रकृती बरी नाही?"

त्यांनी दाराकडे बघितलं. दाराबाहेर आमची पाटी दिसते: ज्यास ऐकू येत नाही त्याने प्रेसजवळ थांबू नये. ती मीच लावली, चार वर्षांपूर्वी. एका कामगाराला कमी ऐकू यायला लागलं होतं आणि तो लपवत होता. माझ्या कानापासून का ते लपणार? मी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हटलं, "पगार वाढवला रे तुझा!" वळला नाही. सगळे हसले. सगळे हसतात म्हणून तोही हसला. संध्याकाळी त्याला घरी पाठवला. बहिऱ्याला प्रेसवर ठेवणं म्हणजे त्याचा खून करणं. मिस्त्री तेवढे त्या दिवशी हसले नव्हते, हे आत्ता लिहिताना आठवलं.

"प्रकृती बरी आहे," मिस्त्री म्हणाले.

"मग झालं! चार महिने. सन्मानाने जा."

कधीकाळी हा माणूस मला चिमट्या म्हणायचा आणि डोक्यात टपली मारायचा. माझ्याकडे आल्यापासून साहेब. एकदाही चुकला नाही. याला म्हणतात वरचा मजला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मोठा प्रेस धावतोय. समोर उंट, मागे मिस्त्री. उंट हिरव्या टोपीतला असला तरी पेडल मारायला मगर चालते, हुकूम मिळाला की आपटायचं एवढंच.

पद्धत जुनीच. समोरचा ओरडतो, "हात?" मागचा तुकडा काढून हात मागे घेतो आणि म्हणतो, "बाहेर!" मग पेडल. बाहेर ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा देवासमोरचा कायदा. मिस्त्रींनीच तो मला शिकवला, आणि एकदा मी विसरलो तर पायावर पट्टी मारली होती. अजून वण आहे.

आज अर्धा तास उभं राहून ऐकलं. हात, बाहेर, धाड. हात, बाहेर, धाड. काय लय आहे! मिस्त्री नजर उंटाच्या उजव्या खांद्यावर खिळवून असतात. उंट ओरडताना खांदा जरा उचलतो, त्याच क्षणी यांचं "बाहेर". आवाजाची वाटसुद्धा बघत नाहीत. पुढचं ओळखतात. यंत्र तपासतानाही हल्ली स्क्रूड्रायव्हर कानाला लावत नाहीत, नुसता तळहात ठेवतात. मी अजून त्या पायरीला पोचलो नाही.

एक खटकलं. ही दुपारी म्हणाली, "मिस्त्रींना तिथून काढा."

"का?"

"वय झालंय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," आणि मग उगाच पुठ्ठे मोजत बसली. हिचा मधला मजला फार मोठा आहे. मिस्त्रींच्या बायकोशी हिचं गूळपीठ, तिथून काहीतरी रडगाणं आलं असणार.

५ मार्च, बुधवार

डोक्याच्या चित्राची मोठी पाटी करून आणली. सहा फूट उंच, रंगीत. खाली मगर, मध्ये कुत्रा, वर मालक. मालकाचा चेहरा रंगाऱ्याने माझ्यासारखा काढला, मी सांगितलं नव्हतं. कामगारांच्या सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून मोठ्या प्रेसला लागूनच उभी केली. नाहीतरी तिथे सगळ्यांची नजर जाते.

तासाभरात मिस्त्री आले. "साहेब, ती पाटी तेवढी हातभर सरकवा. समोरचा दिसत नाही."

"दिसायला कशाला हवा, मिस्त्री? ऐकू येतंय की!"

सगळे हसले. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. मग तेही हसले, जरा उशिरा.

"सवय होती बघायची," म्हणाले.

"सवय म्हणजे कुत्रा. मालकाने सवय मोडायची. हे घ्या, मीच शिकवतोय तुम्हाला!"

गेले. जाताना पाटीला हात लावून बघितला, हलते का. मी ती फरशीत ठोकून घेतली आहे.

७ मार्च, शुक्रवार

मोठ्या प्रेसची लय बदलली आहे. केबिनमधून ऐकतो. "बाहेर" कधी "हात"च्या जरा आधी येतं, कधी एकदम वर. मिस्त्री ओठ हलवत आकडे मोजतात, पाचाला म्हणतात "बाहेर". उंट म्हणाला, "साहेब, मिस्त्री न विचारता उत्तर देतात."

मी म्हटलं, "ते तुझ्या पुढे आहेत, तू वेग वाढव."

१२ मार्च, बुधवार

मिस्त्रींचा उजवा हात मनगटापासून गेला.

१३ मार्च, गुरुवार

नीट लिहितो. लिहिल्याने वरचा मजला शांत होतो म्हणतात.

साडेदहाला पत्रा तिरका बसला. उंट ओरडला, "थांबा, हात घालू नका!" आणि पत्रा सरळ करायला लागला. मागून "बाहेर" आलेलं होतंच. इकडे मिस्त्रींचे पुढचे पाचही मोजून झाले. धाड जाणवली नाही, पण बाकीच्या प्रेसच्या हादऱ्यात ती हरवली असेल. त्यांना वाटलं, ठोका बसून गेला आणि तुकडा आत अडकला. त्यांनी हात घातला. उंटाचा पत्रा सरळ झाला, "बाहेर" तर मिळालेलं होतं. त्याने पेडल मारलं.

मी केबिनमध्ये होतो. माझ्या कानांनी ती धाड ओळखली. इतर धाडींपेक्षा मऊ होती.

मिस्त्री ओरडले नाहीत. उंटच ओरडत राहिला, त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. पाटीवर कमरेपर्यंत शिंतोडे गेले होते, मगरीच्या तोंडावर आणि कुत्र्यावर. वरचा मजला स्वच्छ राहिला.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई मिस्त्रींना विचारत होत्या, ते त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी तोंडावरची पट्टी खाली केली तेव्हा कुठे उत्तर आलं. मग कानाशी टिचकी वाजवली. एकीकडे, मग दुसरीकडे. मला म्हणाल्या, "यांना ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात अगदी थोडं उरलंय. बरीच वर्षं झाली असतील. तुम्ही यांना प्रेसवर ठेवलं होतंत?"

मी म्हटलं, "मला कल्पनाच नव्हती." खरं तेच म्हटलं.

मग त्यांना तळमजल्याबद्दल विचारलं. दचकणं जे गेलं होतं, ते मगर मेल्यामुळे नाही का? त्या म्हणाल्या, "असे मजले नसतात हो डोक्यात. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्यांना आवाज आला नाही, म्हणून ते दचकले नाहीत. इतकं साधं आहे."

तरुण आहेत. शिबिराला गेलेल्या नाहीत.

१५ मार्च, शनिवार

हिने काल रात्री आणि आज सकाळी स्वयंपाक केला, वाढला, पण बोलली नाही. शेवटी मीच म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"मिस्त्रीवहिनींनी सांगितलं होतं. शपथ घातली होती. जून येईपर्यंत निभावू दे म्हणाल्या."

"मला सांगायचंस तरी!"

"तुम्हाला काय सांगायचं? मला वाटलं तुम्हाला ठाऊकच आहे, आणि तुम्ही दाखवत नाही. म्हटलं, चला, एवढी तरी माया आहे."

"मला कुठून ठाऊक असणार?"

"अहो, चार वर्षं तुम्ही त्यांच्याशी ओरडून बोलता! दुसऱ्या कुणाशी ओरडता का? आणि दर वेळी वळसा घालून उजव्या बाजूला जाता. मी पॅकिंगच्या काचेतून बघते ना. आम्ही बायका तर त्यावर हसायचो, साहेबांची प्रदक्षिणा म्हणून."

मी म्हटलं, असं काही नाही. पण दिवसभर आठवून पाहिलं. केबिनमध्ये मिस्त्री उभे राहत, तेव्हा मी उठून टेबलाला वळसा घालत असे. मला वाटायचं, मी त्यांना मान देतोय.

संध्याकाळी उलगडा झाला आणि छातीवरचा दगड उतरला. शिबिरातच होतं की! खालच्या मजल्यांना पुष्कळ गोष्टी कळतात, त्या वर पोचतच नाहीत. म्हणजे कळलं होतं ते मगरीला, कुत्र्याला. मला नाही. घरातल्या मोलकरणीला चोर माहीत असला म्हणून मालकाला फाशी देतात का?

हिला हे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वर मालक नसतो हो," ती म्हणाली. "वर वकील बसलेला असतो. खालच्यांनी काही का करेना, तो खटला जिंकून देतो."

वाक्य चांगलं आहे. शिबिरवाल्याला कळवलं पाहिजे.

१८ मार्च, मंगळवार

कारखाना निरीक्षक आला. बारीक चणीचा, हळू बोलणारा. मागच्या उघड्या बाजूबद्दल वेगळं लिहून घेतलं. पाटीपुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, "हे कोण वरती?"

"प्रतीक आहे," मी म्हटलं.

मग मुद्द्याचा प्रश्न. कामगाराला ऐकू येत नाही, हे मालकाला माहीत होतं का? माहीत असून प्रेसवर ठेवला असेल तर परवाना जातो आणि माझ्यावर खटला. माहीत नसेल आणि त्यानेच लपवलं असेल तर दोष त्याचा. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नाही." दारावरची पाटी दाखवली, ज्यास ऐकू येत नाही ती. चार वर्षांपूर्वीचा कामगारही सांगितला. पण "पगार वाढवला"ची गंमत सांगूनही तो हसला नाही.

"मिस्त्रींचा जबाब रुग्णालयात घेऊ," म्हणाला. "तुम्हीही या."

१९ मार्च, बुधवार

उंट कामावर येत नाही. त्याची आई सांगून गेली, तो घरात जेवताना आईला विचारतो, "हात?", आणि ती "बाहेर" म्हणाल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. मगरीची जात, दुसरं काय. चार दिवसांनी येईल ताळ्यावर.

२१ मार्च, शुक्रवार

आज जबाब झाला. जसा झाला तसा लिहितो.

खोली लहान. पलंग उजव्या बाजूने भिंतीला जवळजवळ चिकटलेला. डाव्या बाजूला खुर्च्या, तिथे निरीक्षक बसलेला. मिस्त्रींची बायको पायाशी. मी आत गेलो, नमस्कार केला, मिस्त्री काही बोलले म्हणून विचारपूस करायला पुढे झालो. एवढंच मला आठवतं. पुढचं लक्षात आलं ते निरीक्षकाने पेन थांबवलं तेव्हा. मी भिंत आणि पलंग यांच्या फटीत होतो. सदऱ्याला भिंतीचा चुना लागला होता, पोट आवळून अंग तिरकं केलेलं, आणि मी मिस्त्रींच्या उजव्या कानात ओरडत होतो, "कसं वाटतंय, मिस्त्री?"

खोलीत माझाच आवाज घुमत होता.

निरीक्षक हळू आवाजात म्हणाला, "इकडे रिकामी खुर्ची होती, साहेब. उजव्या कानात ओरडायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तीस वर्षांत मला शब्द कमी पडले नाहीत. वकील कुठे गेला होता देव जाणे.

"डॉक्टरीणबाईंनी," मी म्हणणार होतो. खरंच सांगितलं होतं की त्यांनी! पण ते सुचायच्या आत मिस्त्री बोलले. त्यांनी निरीक्षकाचे ओठ वाचले असणार.

"मी खूण केली," ते म्हणाले. "डोळ्याने. आत्ता. यांना नव्हतं ठाऊक. मी लपवलं. चार वर्षं."

"नक्की?"

"लिहा."

त्यांची बायको उठून बाहेर गेली. तिची पावलं जिन्यापर्यंत मला ऐकू आली. निरीक्षकाने लिहिलं, वाचून दाखवलं, मग चूक ध्यानात येऊन कागदच मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर धरला. सही करायला उजवा हात नव्हता. डाव्या अंगठ्याला शाई लावली. चाळीस वर्षं सुबक सही करणारा माणूस. निरीक्षक निघताना माझ्याकडे न बघता गेला, पण कागद घेऊन गेला, आणि कागदावर काय आहे ते महत्त्वाचं.

मग आम्ही दोघंच. मी त्या फटीतच होतो, निघायला जमेना. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मिस्त्री, तुमचे उपकार—"

"ओरडू नकोस, चिमट्या," ते म्हणाले. "तोंड दिसतंय मला."

डाव्या हाताने त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली. अंगठ्याची शाई माझ्या कपाळाला लागली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांच्याशी कुणालाच बोलता येत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

४ एप्रिल, शुक्रवार

साठावा दिवस. वही संपवतो.

परवाना शाबूत आहे. मोठ्या प्रेसला मागून जाळी बसवली, तुकडा आता फटीतून चिमट्याने ओढतात. पाटी पुसून घेतली, पण मगरीच्या दातांत गेलेलं निघत नाही, म्हणून रंगाऱ्याला बोलावलंय. मिस्त्रींच्या जबाबाचा विचार पुष्कळ केला. धन्यासाठी स्वतःवर घेणं हे वरच्या मजल्याचं काम नव्हे. ते मधल्याचं. तपासणीत माझी चूक झाली होती, ती मोठ्या मनाने मान्य करतो. पांढरी टोपी परत मागवली आणि निरोपासोबत पिवळी पाठवली. विद्येत मुलाहिजा नाही. ही म्हणाली, "ती टोपी मी नेऊन देणार नाही." वेल्डिंगवाल्याच्या हाती पाठवली. तो रिकाम्या हाताने परत आला. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाला, "वहिनींनी घेतली. मांजराच्या खाली घातली."

सकाळी मोठ्या प्रेसपाशी उभा होतो. समोर नवा माणूस, मागे नवा माणूस. समोरून आवाज आला, "हात?" मागचा तुकडा काढत होता, उत्तर यायला जरा वेळ लागला. क्षणभरच. बघतो तर सगळे माझ्याकडे बघत होते. मी दहा पावलं लांब, पाटीला पाठ टेकून, डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट गच्च धरून उभा होतो. आणि "बाहेर! बाहेर! बाहेर!" असं कुणीतरी ओरडत होतं.

ही पॅकिंगच्या काचेतून बघत होती.

बोटांचे वळ अजून मनगटावर आहेत. खालच्या मजल्याचं काम. वर मला कुणी विचारलं नव्हतं.